बाटली आमची, पण सोयीपुरती

इनडायरेक्ट टॅक्समध्ये काम करणाऱ्या माणसाला कोका-कोलाची एक केस तोंडपाठ असते. त्यात पाणी, साखर, कीटकनाशक असलं काहीही नाही, ती आहे जाहिरातीवरच्या सर्व्हिस टॅक्सची. पुण्याजवळ पिरंगुटला कोका-कोला इंडियाचा कारखाना आहे, तिथे कोल्ड्रिंक बनत नाही, कॉन्सन्ट्रेट बनतं. ते कॉन्सन्ट्रेट बॉटलरला विकायचं, बॉटलर त्यात पाणी, साखर आणि गॅस घालून बाटली भरणार आणि बाजारात सोडणार. टीव्हीवरची जाहिरात मात्र कॉन्सन्ट्रेटवाली कंपनी करते. तर त्या जाहिरातीच्या बिलावर भरलेल्या सर्व्हिस टॅक्सचं क्रेडिट कंपनीने घेतलं, म्हणजे तेवढी रक्कम आपल्या एक्साइजमधून वजा केली, आणि एक्साइजवाल्यांनी अडवलं, की अहो तुम्ही बनवता कॉन्सन्ट्रेट, जाहिरात करता बाटलीची, बाटली दुसरा कुणी बनवतो, मग तुमचा संबंध काय? कंपनीचं म्हणणं असं की संबंध कसा नाही, बाटली खपली तरच आमचं कॉन्सन्ट्रेट खपणार, जाहिरात आमच्याच धंद्याचा भाग आहे. मुंबई हायकोर्टाने २००९ मध्ये कंपनीचं म्हणणं मान्य केलं. निकाल बरोबरच आहे माझ्या मते, आणि नोटिशीला उत्तर देताना मी स्वतः तो वापरलाय, आमच्या लाईनमधल्या सगळ्यांनीच वापरलाय.

आता त्याच कंपनीची अमेरिकेतली दुसरी केस बघा. कोलंबियात उराबा भागात कारेपा नावाचं गाव आहे, तिथे कोकचा बॉटलिंग प्लांट होता. ५ डिसेंबर १९९६ ला तिथल्या युनियनचा एक नेता, इसिद्रो सेगुंदो हिल, प्लांटच्या गेटवर गोळ्या घालून मारला गेला. नंतर काही दिवसांतच हत्यारबंद निमलष्करी टोळीतली माणसं प्लांटमध्ये आली आणि कामगारांकडून युनियनच्या राजीनाम्यावर सह्या घेतल्या, असा युनियनचा आरोप. २००१ मध्ये सिनालत्राइनाल या युनियनने मायामीच्या फेडरल कोर्टात केस टाकली, बॉटलरवर आणि कोका-कोलावरही. २००३ मध्ये कोर्टाने कोका-कोलाला त्या केसमधून बाहेर काढलं. का, तर बॉटलरबरोबरच्या करारात ट्रेडमार्क सांभाळायचा, क्वालिटी सांभाळायची याचे अधिकार कंपनीला आहेत, पण तिथल्या कामगारांच्या बाबतीत कंट्रोल नाही. मग बॉटलरही सुटले आणि २००९ मध्ये अपिलातही युनियनच्या हाती काही लागलं नाही. म्हणजे एकाच वर्षात मुंबईत बाटलीचं आणि कंपनीचं नातं घट्ट असल्याचा निकाल लागला आणि अमेरिकेत, बॉटलरच्या कामगारांशी कंपनीचा संबंध नाही असं ठरलेली केस संपली.

कायद्याच्या नजरेने यात काही विसंगती नाही हे मला कळतं. सर्व्हिस टॅक्सचं क्रेडिट वेगळं आणि खुनाची जबाबदारी वेगळी, कोर्टाने कागदावर जे होतं ते बघून निकाल दिला. पण करार लिहिणारा वकील कंपनीचाच असतो ना. कुठल्या कलमात बाटली आपली म्हणायची आणि कुठल्या कलमात नामानिराळं राहायचं हे तिथे बसून ठरवलेलं असतं. कोकच्या एथिक्सबद्दल मी जेवढं वाचलंय त्यात प्रत्येक ठिकाणी मला ही एकच गोष्ट दिसत राहते, आणि एमबीएच्या केस स्टडीत ती नेमकी नसते. तिथे सीईओ कसा चुकला आणि पीआर कसा करायला हवा होता एवढंच.

केस स्टडीत सगळ्यात लाडकं प्रकरण म्हणजे बेल्जियम. जून १९९९. बोर्नेम नावाच्या गावातल्या शाळेत मुलांनी कोक प्यायलं आणि पोटात दुखायला लागलं, मळमळ, डोकेदुखी, मग दुसऱ्या शाळा, बघता बघता आकडा दोनशेच्या वर. कंपनीचं म्हणणं होतं की एका प्लांटमध्ये गॅस खराब आला होता आणि दुसरीकडच्या कॅनवर बाहेरून बुरशीनाशकाचा वास लागला होता, जे लाकडी पॅलेटवर मारतात ते, वास येतोय पण धोका नाही. सरकारने विक्री बंद केली, आणि त्याच वेळी बेल्जियममध्ये कोंबड्यांच्या खाद्यात डायॉक्सिन सापडल्याचं प्रकरण पेटलेलं होतं, त्यामुळे लोक आधीच घाबरलेले. सीईओ डग्लस आयव्हेस्टर ब्रसेल्सला पोचायला दहाएक दिवस लागले आणि मग जाहीर माफी. सगळा माल परत घ्यायला कंपनीला शंभर मिलियन डॉलरच्या वर खर्च आला आणि डिसेंबरमध्ये आयव्हेस्टरने खुर्ची सोडत असल्याचं जाहीर केलं. (हाच तो गडी ज्याने त्याच वर्षी एका ब्राझीलच्या मासिकाला सांगितलं होतं की ऊन वाढलं की आपोआप दर वाढवणारं व्हेंडिंग मशीन काढता येईल. ओला-उबरच्या आधी. माणूस चुकीच्या काळात जन्मला.)

आणि या सगळ्यात मजा अशी की नंतर बेल्जियमच्याच काही डॉक्टरांनी लिहिलं की बहुतेक मुलांचा त्रास हा कोकमधल्या कशाने झालेला नसावा, एकाचं बघून दुसऱ्याला तसा भास होतो त्यातला असावा. तरी सीईओ विमानात बसून आला, माफी मागितली, पैसे गेले. का, तर युरोपचं मार्केट होतं आणि टीव्ही कॅमेरे होते.

आता केरळला या. पालक्काड जिल्हा, पेरुमाट्टी ग्रामपंचायत, प्लाचीमडा. आजूबाजूला भाताची शेती, नारळ, आणि बऱ्याच आदिवासी वस्त्या. सन २००० मध्ये हिंदुस्तान कोका-कोलाचा प्लांट सुरू झाला, चौतीसेक एकर जागेवर, बोअर मारून. दोन वर्षांच्या आत आजूबाजूच्या विहिरींचं पाणी खाली गेलं आणि जे उरलं ते तोंडात धरवेना, त्यात भात शिजवला तर कडवट लागायचा. बायका दोन-दोन, तीन-तीन किलोमीटरवरून पाणी आणायला लागल्या. २२ एप्रिल २००२ ला प्लांटच्या गेटसमोर लोक धरणं धरून बसले आणि त्यात पुढे होती मयिलम्मा, एक आदिवासी बाई, जिच्या घरची विहीरच गेली होती. ती २००७ च्या जानेवारीत वारली.

पाण्यापेक्षा मला त्या प्रकरणातली गाळाची गोष्ट जास्त चीड आणते. प्लांटमधून जो गाळ निघायचा, बाटल्या धुतल्याचा वगैरे, तो कंपनी आसपासच्या शेतकऱ्यांना खत म्हणून द्यायची. लोकांनी शेतात टाकलाही. मोठी कंपनी देतेय म्हटल्यावर कोण शंका घेणार. २००३ च्या जुलैमध्ये बीबीसीच्या रेडिओवाल्यांनी तो गाळ एक्सेटर युनिव्हर्सिटीत तपासून घेतला, त्यात कॅडमियम आणि शिसं सापडलं. मग राज्याच्या प्रदूषण मंडळालाही तपासावं लागलं आणि कॅडमियम निघालंच. म्हणजे ज्या कचऱ्याची विल्हेवाट लावायला कंपनीला पैसे मोजावे लागले असते तो शेजाऱ्याच्या बांधावर नेऊन टाकायचा, वर त्याला खत म्हणायचं.

त्याच्या आधी एप्रिल २००३ मध्ये पंचायतीने लायसन्स रिन्यू करायला नकार दिला होता. एवढीशी पंचायत, प्लांटचा कर म्हणजे तिच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा, तरी नाही म्हणाली. आपल्याकडे एमआयडीसीच्या हद्दीतल्या ग्रामपंचायती आठवून बघा आणि मग या निर्णयाचं वजन कळेल. डिसेंबर २००३ मध्ये केरळ हायकोर्टाच्या सिंगल जज्जने लिहिलं की जमिनीखालचं पाणी हे वरच्या जमीनमालकाचं नाही, लोकांचं आहे, सरकार त्याचं विश्वस्त. मार्च २००४ मध्ये प्लांट बंद पडला. मग एप्रिल २००५ मध्ये डिव्हिजन बेंचने तो निकाल फिरवला आणि दिवसाला पाच लाख लिटर उपसायला परवानगी दिली, पण प्लांट काही परत उघडला नाही, आणि २०१७ मध्ये कंपनीने सुप्रीम कोर्टात सांगून टाकलं की आम्हाला तिथे परत सुरू करायचंच नाही. लोक जिंकले, असं सगळीकडे लिहिलं जातं.

हो, पण पैसे? केरळ सरकारच्या हाय पॉवर कमिटीने २०१० मध्ये नुकसान मोजलं, शेती, पाणी, आरोग्य, बुडालेली मजुरी सगळं धरून २१६ कोटी २६ लाख. कंपनीने तो अहवाल मान्य केला नाही. २०११ मध्ये विधानसभेने भरपाईसाठी खास ट्रिब्युनल नेमायचं बिल पास केलं, ते राष्ट्रपतींकडे गेलं, दिल्लीत कित्येक वर्षं घोंगडं भिजत पडलं आणि शेवटी मंजुरी न मिळताच परत आलं. बेल्जियमच्या मुलांना बहुतेक भास झाला होता तर सीईओ आला. इथे सरकारी कमिटीने रुपया-पैशात हिशोब मांडला तर कुणी फिरकलं नाही. आणि प्लाचीमडात तर 'बॉटलर आमचा नाही' हेही म्हणायची सोय नव्हती, तो प्लांट कंपनीच्या स्वतःच्या पोटकंपनीचा होता.

कीटकनाशकांचं प्रकरण सगळ्यांना आठवत असेल म्हणून त्यात जास्त जात नाही. ऑगस्ट २००३, सुनीता नारायण यांच्या सीएसई या पर्यावरणावर काम करणाऱ्या संस्थेने दिल्लीतल्या बाजारातले १२ ब्रँड तपासले, लिंडेन, डीडीटी, मॅलॅथिऑन निघालं, एरवी एकमेकांच्या उरावर बसणारे कोक आणि पेप्सीवाले एकत्र प्रेस कॉन्फरन्सला बसले आणि संसदेच्या कँटीनमधून बाटल्या गेल्या. मग संयुक्त संसदीय समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्ष होते शरद पवार. फेब्रुवारी २००४ मध्ये समितीने सीएसईचे निष्कर्ष बरोबर असल्याचं सांगितलं. तेव्हा इंडस्ट्रीकडून एक मुद्दा यायचा की हे अंश साखरेतूनही येत असतील, नुसतं पाण्याकडे बघू नका. साखरेकडे बोट दाखवायचं तर मग नीट दाखवा ना, शेवटपर्यंत, अगदी उसाच्या फडापर्यंत.

कारण साखर आपली. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट या पत्रकारांच्या संस्थेने मोठी स्टोरी केली, महाराष्ट्रातल्या ज्या कारखान्यांची साखर कोक आणि पेप्सीकडे जाते तिथल्या ऊसतोडीबद्दल. बालविवाह, उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, आणि बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याबद्दल. बीड जिल्ह्यातल्या माणसाला यात नवीन काहीच नव्हतं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीने बीडमधल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली होती, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यात विशी-तिशीतल्या बायकाही. पाळीच्या दिवसात काम होत नाही, फडात ना बाथरूम ना पाणी, अंगावरून जायला लागलं की गावातला डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो, आणि एक दिवस कामाला नाही गेलं तर मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी आणणारा, खाडा लावतो, पाचशे-हजार रुपये दंड. मग पिशवीच नको, कटकट मिटली. आणि ऑपरेशनचे पैसे? ते पुन्हा मुकादमाकडूनच, उचलीत धरून.

त्या स्टोरीतला मला हादरवणारा भाग दुसराच होता. २०१९ मध्येच कोका-कोलाने नेमलेल्या कन्सल्टंट लोकांनी या भागात फिरून कंपनीला रिपोर्ट दिला होता की मुलं ऊस तोडतायत, मजूर कर्ज फेडण्यासाठी राबतायत, एका दहा वर्षांच्या मुलीची मुलाखतसुद्धा त्यात होती. आणि त्याच वर्षीच्या कंपनीच्या दुसऱ्याच एका रिपोर्टमध्ये होतं की भारतात बालमजुरी हळूहळू कमी करायच्या कार्यक्रमाला आमचा पाठिंबा आहे. हळूहळू! बेल्जियममध्ये कॅनचा वास घालवायला कुणी म्हणालं नाही हळूहळू घालवू.

मी साखर कारखान्याचं ऑडिट जवळून बघितलंय, सीएच्या आर्टिकलशिपमध्ये असताना. कुठला कारखाना ते सोडा, सगळीकडे तेच असतं. तोडणी-वाहतूक हे खातं मोठं असतं, तो खर्च शेतकऱ्याच्या ऊसबिलाच्या हिशोबातून कापला जातो. खात्यात नावं असतात ती वाहतूक ठेकेदारांची, त्यांच्यावर १९४सी, म्हणजे ठेकेदारांसाठीच्या कलमाखाली टीडीएस कापलेला, पॅन व्हेरिफाय केलेलं, सगळं चकाचक. ठेकेदार मुकादमाला उचल देतो, मुकादम जोडप्याला देतो. मी बघितलेल्या करारांमध्ये स्टॅम्प पेपरवर लिहिलेलं असायचं, इतके इतके कोयते पुरवणार. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. पण त्या कागदात जोडी नाही, बाई तर नाहीच, फक्त कोयत्यांचा आकडा. मी वाऊचर टिक केली, टीडीएस जुळला, बॅलन्स कन्फर्मेशनची पत्रं फाईलला लावली. आमच्या ऑडिट प्रोग्रॅममध्ये त्यापुढे विचारायला रकानाच नव्हता.

आणि तिकडे अटलांटामध्ये, कंपनीच्या मुख्यालयात, सप्लायरसाठी जी तत्त्वं लिहिलेली असतात त्यात बालमजुरी नको, वेठबिगारी नको, सगळं नीट लिहिलेलं असतं. कंपनी बॉटलरकडून लिहून घेते, बॉटलर कारखान्याकडून, कारखाना म्हणतो मजूर आमचे नाहीत, ठेकेदाराचे, ठेकेदार म्हणतो मुकादमाचे, आणि मुकादम म्हणतो, साहेब, त्यांनी उचल घेतलीय, मी काय जबरदस्ती केली? प्रत्येकाकडे वरच्याला दाखवायला कागद आहे. नवऱ्याबरोबर दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडून मोळ्या डोक्यावरून ट्रॅक्टरवर चढवणाऱ्या बाईकडे मात्र कुणाचाच कागद नाही.

कोणी म्हणेल की हा साखरसम्राटांचा, सरकारचा प्रश्न आहे, त्यात कोकला कशाला ओढता. अर्धं खरंय. कोक उद्या महाराष्ट्राची साखर घ्यायची बंद झाली तर बीडच्या बाईचं काहीही भलं होणार नाही, उलट ज्या कारखान्यावर बाहेरचं थोडं तरी प्रेशर येऊ शकतं तेही जाईल. आणि आपलं घर तरी कुठे धड आहे, ती स्टोरी आली आणि लगेच लोकसभा निवडणूक लागली, बीडमध्ये दोन्ही मुख्य उमेदवारांचा साखर कारखान्याशी जवळचा संबंध, आणि प्रचार कशावर झाला ते सगळ्यांनी बघितलं. मजुरीचा दरसुद्धा ठरतो तो लवादाने, जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ मिळाली, ती शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या बैठकीत. पण ३४ टक्के वाढवून देणारी ही दोन माणसं निदान टेबलावर दिसतात, त्यांना शिव्या देता येतात, मतदानात पाडता येतं. कोकसारखं मोठं गिऱ्हाईक त्या टेबलावर कधीच नसतं, आणि नसण्याची किंमत त्याला कधी मोजावी लागत नाही.

सेबीचा बीआरएसआर आहे ना, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा वार्षिक रिपोर्ट, असं माझा एक मित्र म्हणाला. आहे, पहिल्या हजार लिस्टेड कंपन्यांना. सप्लाय चेनमधल्या मोठ्या पार्टनरची माहिती द्यायचा भाग होता तो पुढे ढकलला आणि ऐच्छिकही केला. आणि समजा उद्या कंपल्सरी झाला तरी माहिती कारखान्याची येणार, म्हणजे पुन्हा तीच तोडणी-वाहतुकीची लेजर, टीडीएस कापलेली.

मधल्या काळात बाटलीवाल्यांची मालकीही हलतेय. डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झालं की हिंदुस्तान कोका-कोलाच्या मूळ कंपनीतला ४० टक्के हिस्सा जुबिलंट भारतीया ग्रुप घेणार. धंद्याच्या दृष्टीने अगदी शहाणपणाचं, कॉन्सन्ट्रेटमध्ये मार्जिन आहे, बॉटलिंगमध्ये जमीन, पाणी, कामगार, ट्रक, सगळी डोकेदुखी, जगभर कोक हेच करत आलंय. पण प्लाचीमडात निदान दाराशी धरणं धरायला कोका-कोलाचं स्वतःचं दार होतं. पुढच्या वेळेस भांडण झालं तर पहिली दोन-तीन वर्षं प्रतिवादी कोण हे ठरवण्यातच जातील, हे मी माझ्या कामाच्या अनुभवावरून लिहून देतो.

आणि पुढची वेळ लांब आहे असं समजू नका. रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यात लोटे परशुरामला हिंदुस्तान कोका-कोलाच्या नव्या प्लांटचं भूमिपूजन २०२३ च्या नोव्हेंबरअखेर झालं. लोट्याला केमिकलवाल्यांनी आधीच खाडीची काय अवस्था केलीय हे तिथल्या मासेमारी करणाऱ्यांना विचारा. रोजगार हवा, ते कुणीच नाकारत नाही. फक्त पाणी किती घेणार, कुठून घेणार, सांडपाणी आणि गाळ कुठे जाणार, आणि त्या करारावर सही कुठल्या कंपनीची आहे, एवढे कागद ग्रामपंचायतीच्या हातात असले पाहिजेत, प्लांट सुरू व्हायच्या आधी. माहिती अधिकारात अर्ज टाकायला दहा रुपये लागतात, ड्राफ्ट मी करून देतो, त्या भागातलं कुणी वाचत असेल तर सांगा.